मूषकाचे वाहन

पुराणातला उंदीर देवाला पाठीवर घेऊन त्रिभुवनात हिंडतो. आजच्या युगात हा क्रम पार उलटला आहे. हप्त्याहप्त्याने फेडायच्या मोटारीत उंदीरच ऐसपैस राहतो, आणि समोरच्या काचेशी बसवलेला गणपती आपल्या वाहनाचे हे प्रताप मुकाट्याने पाहत असतो. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडे गेले, की चहाच्या दुसऱ्या घोटाला हा विषय निघतोच. कोणाची गाडी सकाळी सुरूच झाली नाही, कोणाच्या दिव्यांची वायर तुटली, कोणाच्या गादीतला कापूस बाहेर आला. मग बिलाचा आकडा सांगितला जातो, आणि ऐकणारे आपापला आकडा सांगतात. एका घरी तर उंदराने कुरतडलेली तार काचेच्या कपाटात जपून ठेवलेली मी पाहिली आहे, पाहुण्यांना दाखवायला!

हीच कथा भामरागडात घडते तेव्हा तिला कोणी हसत नाही. हे गाव कुठे आहे, हे आधी सांगायला हवे, कारण 'गडचिरोली' म्हटले की शहरातल्या मंडळींच्या डोळ्यांपुढे नुसते जंगल उभे राहते. गडचिरोली जिल्हा १९८२ साली जुन्या चांदा जिल्ह्यातून वेगळा निघाला. त्याच्या पूर्व टोकाला, छत्तीसगडच्या हद्दीवर, पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांच्या संगमाशी भामरागड वसले आहे. आलापल्लीहून सागवानाच्या जंगलातून साठ-पासष्ट किलोमीटर यावे लागते. गावात शिरण्याआधी थोडे अलीकडे हेमलकसा लागते. बाबा आमट्यांनी १९७३ साली सुरू केलेला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी वाढवलेला लोकबिरादरी प्रकल्प तो हाच. हेमलकसा आणि भामरागड यांच्या मधे पर्लकोटा आहे. तिला पूर आला की गाव जगापासून तुटायचे, हे इथे पिढ्यान् पिढ्या चालत आले. २०१९ च्या पावसाळ्यात तर पुलावर पुन्हा पुन्हा पाणी चढले आणि गावातल्या घरांतही शिरले.

मी या भागात मराठी शिकवतो. अशाच एका श्रावणात आमच्या शेजारी बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या मुलीला एकाएकी त्रास सुरू झाला, आणि तिला अहेरीला हलवायचे ठरले. पाऊस धरलेला. नदी फुगत चाललेली. पुलावर पाणी चढायला दोन तास लागतील की चार, यावर ओट्यावरच्या जाणत्यांत मतभेद. भाड्याची जीप दारात उभी होती. पण चावी फिरवली तर नुसती टिक-टिक. जीपवाल्याने बॉनेट उघडले आणि कपाळाला हात लावला. "रात्री चांगली होती जी सर. खाल्ली ना यानं सारी!" आत वायरींचा झुबका कात्रीने कापावा तसा कापलेला होता, आणि इंजिनावर कापसाच्या चिंध्या, कोंडा आणि भुईमुगाची टरफले यांची सुबक गादी. गादीवर मालक नव्हते. सिस्टर घड्याळाकडे पाहत होत्या. अखेर गावातल्या दुसऱ्या एकाची गाडी मिळाली, ती पूल ओलांडून गेली, आणि मुलगी व बाळ दोघेही सुखरूप परत आली. पण त्या पाऊण तासात, एका बोटभर वायरीवर केवढे ओझे टांगलेले असते, हे आम्हा सगळ्यांना कळले. तेव्हापासून मी या प्राण्याचा अभ्यास करू लागलो. भाषेचा मास्तर असल्याने आधी पुस्तकांतून, मग माळ्यावर चढून.

उंदीर वायर का खातो? खरे म्हणजे तो ती खात नाहीच, कुरतडतो. त्याचे पुढचे चार दात जन्मभर वाढत राहतात, वर्षाकाठी दहा सेंटिमीटरहूनही अधिक. ते झिजवले नाहीत तर त्याला तोंड मिटता येणार नाही. त्यांचे बाहेरचे कवच इतके कठीण असते, की शिसे, ॲल्युमिनियम, कच्चे सिमेंट यांचे त्याला काही वाटत नाही. पंचतंत्रात एका वाण्याने ठेव म्हणून ठेवलेला लोखंडी तराजू दुसऱ्याने गिळंकृत केला आणि 'तो उंदरांनी खाल्ला' असे सांगितले. ती थाप होती. पण थाप मारणाऱ्याला उंदराच्या लौकिकाचा आधार घ्यावासा वाटला, हे विसरून चालणार नाही.

अलीकडे एक कारण वारंवार ऐकू येते, की नव्या गाड्यांच्या वायरींवरचे वेष्टन सोयाबीनपासून करतात आणि त्याच्या वासाने उंदीर येतात. अमेरिकेत २०१६ च्या सुमारास गाडीमालकांनी याच मुद्द्यावर मोटार कंपन्यांवर दावे लावले. आपल्याकडे विदर्भात तर सोयाबीन इतके पिकते, की ही गोष्ट लगेच पटते. पण सोयाबीनचा संबंध येण्याच्या कितीतरी आधीपासून उंदीर तारा तोडत आलेले आहेत. त्याला इंजिनाखाली जे हवे असते ते साधे आहे. अंधार, आडोसा, आणि नुकत्याच थांबलेल्या इंजिनाची ऊब. कार्तिक-मार्गशीर्षात इकडे रात्री चांगल्याच गारठतात. आठ वाजता उभी केलेली गाडी मध्यरात्रीपर्यंत कोमट राहते. एवढी चांगली चूल भाड्याशिवाय मिळत असताना कोण सोडील? आणि एकदा घरटे केले की मधे येणारी वायर म्हणजे त्याच्या दृष्टीने आडवी आलेली फांदी.

तेव्हा उपाय ऊब आणि आडोसा यांवर हवा. जी गाडी रोज फिरते तिच्यात संसार थाटणे उंदराला जमत नाही. जी आठवडाभर उभी असते तिच्यात हमखास जमते. गावाला जाताना गाडी ठेवून जायची असेल, तर शेजाऱ्याला एक दिवसाआड ती सुरू करून दहा मिनिटे फिरवायला सांगावे. कचऱ्याची पेटी, लाकडांचा ढीग, कुंपणाची दाट मेंदी यांच्या लगत ती उभी करू नये. शेडमध्ये असेल तर रात्री बॉनेट उघडेच ठेवावे. इकडचे जीपवाले हे सर्रास करतात. गाडी आ वासून उभी राहिलेली पाहून नवख्याला हसू येते, पण उघड्यावर, थंड हवेत, घुबडाच्या नजरेच्या टप्प्यात बसायला उंदीर राजी नसतो. बाहेरची हवा आत घेणाऱ्या वाटेवर बारीक छिद्रांची तारेची जाळी मेकॅनिककडून बसवून घ्यावी. खर्च किरकोळ येतो. आणि मुलांना गाडीत चिवडा खाऊ देऊ नये. हे शेवटचे लिहिताना मला स्वतःलाच हसू येत आहे, कारण ते कोणत्याही घरी पाळले जाणार नाही. निदान आठवड्यातून एकदा आसनांखालचा चुरा काढावा.

तंबाखूची पुडी, डांबराच्या गोळ्या, फिनेलचा बोळा हे घरगुती इलाज सगळ्यांना माहीत आहेत. वास ताजा असतो तोवर थोडा उपयोग होतो. चार दिवसांनी वास उडतो आणि उंदराला त्याची सवयही होते. माझ्या पाहण्यातल्या एका गाडीत त्याने तंबाखूच्या पानांचीच गादी केली होती. होंडा कंपनी वायरींना गुंडाळायला मिरचीचा तिखटपणा लावलेली चिकटपट्टी विकते. वऱ्हाडी ठेच्यावर वाढलेल्या उंदरांपुढे तिचे किती चालेल, कोण जाणे! पण कल्पना शास्त्रशुद्ध आहे. मिरचीचा झणका सस्तन प्राण्यांना लागतो, पाखरांना लागत नाही. भिंतीत खोचायची आणि माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणारी यंत्रे मात्र घेऊ नयेत. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २००१ साली अशी यंत्रे बनवणाऱ्या-विकणाऱ्या साठाहून अधिक कंपन्यांना, दाव्यांना शास्त्रीय पुरावा हवा, अशी तंबी दिली होती. तरी ती आपल्याकडे खपतातच.

आता गाडीतून उतरून माळ्यावर जाऊ, कारण गाडीतला उंदीर बहुधा घरातलाच असतो.

आमच्या घरावर कौले आहेत; इकडे त्यांना कवेलू म्हणतात. वाशांखाली एक पोटमाळा आहे. त्यावर जुनी मासिके, मोडका पाळणा, एक पत्र्याची ट्रंक आणि तीन पोती कशाची आहेत हे कोणाला आठवत नाही. असा माळा आपल्या प्रत्येक घरी असतो; सदनिकेत राहणाऱ्यांनी न्हाणीघराच्या वर तो करून घेतलेला असतो. एकदा माझ्या एका माडिया विद्यार्थ्याचे आजोबा घरी आले होते. त्यांनी वर बघून नातवाला काही विचारले. नातू म्हणाला, "सर, आजोबा विचारतात वर काय ठेवलंय?" म्हटले, "काही नाही, लागत नाही ते सामान." नातवाने ते माडियात सांगितले. आजोबा थोडे थांबून काहीतरी बोलले आणि पोरगा हसू दाबू लागला. फार आग्रह केल्यावर त्याने सांगितले, "ते म्हणतात, सरांनी उंदराला वेगळं घर बांधून दिलं."

पंचतंत्रातल्या हिरण्यक उंदराची गोष्ट आपण लहानपणी ऐकतो आणि विसरतो. महिलारोप्य नगराजवळच्या मठात ताम्रचूड नावाचा संन्यासी आपले भिक्षापात्र उंच खुंटीला टांगून ठेवी. हिरण्यक रोज उडी मारून त्यातले अन्न खाई. ताम्रचूड रात्रभर फाटका बांबू आपटीत बसे. पाहुण्याशी बोलतानाही त्याचे लक्ष बांबूकडेच. पाहुणा म्हणाला, या उंदराची एवढी उंच उडी उगीच नाही, तिच्याखाली काहीतरी आहे. दोघांनी बीळ खणले, तर उंदराचा धनाचा साठा सापडला. तो काढून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी हिरण्यकाला खुंटीच्या अर्ध्यापर्यंतही उडी घेता येईना. आमच्या वर्गात ही कथा द्रव्यमाहात्म्य सांगण्यासाठी शिकवतात. मला ती उंदरांच्या बंदोबस्ताविषयी आजवर लिहिलेल्यांतली सर्वांत शहाणी नोंद वाटते. बांबू आपटणे म्हणजे आपले पिंजरे, विष, गोळ्या. खरी गोष्ट खालचा साठा.

त्याचा हिशेबच पाहा. घरातल्या उंदरीण किंवा चुईला एकवीस दिवसांच्या आसपास पिले होतात, एका वेळी सहा-आठ. आणि ती पिले दोन-तीन महिन्यांत स्वतः आईबाप होतात. मुंबई महानगरपालिकेने काठी आणि बॅटरी घेऊन रात्री गल्ल्यांतून उंदीर मारत हिंडणारे कामगार ठेवले. एकेकाने रात्रीत तीस उंदीर मारायचे, असा शिरस्ता. एवढ्या कष्टानंतरही मुंबईतले उंदीर संपले, असे कोणी म्हणाले नाही. उकिरडे तसेच राहिले, तर रिकाम्या झालेल्या बिळात दुसरा बिऱ्हाडकरू येतो. बिऱ्हाड न मिळाले तर मात्र येत नाही.

माडिया घरांतली धान्याची कणगी मी नीट पाहिली. बांबूच्या पट्ट्यांची विणलेली, आतून-बाहेरून शेणमातीने लिंपलेली, आणि जमिनीपासून वर उचललेली. खालून हात घालून दर काही दिवसांनी चाचपता येते. कुठे छिद्र पडले तर त्याच दिवशी लिंपतात. धान कापून झाले की पोरे बांधावरची बिळे उकरतात, आणि उंदराने साठवलेल्या ओंब्या व उंदीर दोन्ही घरी आणतात. हिरण्यकाच्या पाहुण्याने याहून वेगळे काय केले होते? हीच युक्ती जगभर सापडते. जपानात दोन हजार वर्षांपूर्वीच्या कोठारांच्या खांबांवर आडव्या फळ्या बसवीत. त्यांना तिकडे 'उंदीर-परत' अशा अर्थाचे नाव आहे. इंग्लंडात कोठाराखाली अळंबीच्या आकाराचे दगड ठेवीत. गोदीत जहाजाच्या दोरखंडांवर पत्र्याच्या चकत्या लावतात, आणि आपल्या किनाऱ्यावर माडाच्या खोडाला पत्र्याचा पट्टा ठोकतात. कुठेही उंदराशी लढाई नाही. फक्त त्याची वाट मोडलेली आहे.

शहरातल्या घराला लागू पडेल असे यातून काय घ्यावे? उंदराची शरीरयष्टी लक्षात ठेवली की पुरे. लहान उंदीर सहा मिलिमीटरच्या फटीतून जातो; म्हणजे ज्या फटीत पेन्सिल शिरते तिच्यातून तोही शिरतो. मोठ्या उंदराला अर्धा इंच पुरतो. डोके गेले की बाकीचे अंग मागून येते. तेव्हा माळ्यावर दिवसा अंधार करून बसावे आणि बाहेरचा उजेड कुठून येतो ते पाहावे. ज्या फटीतून उजेड येतो त्यातून उंदीर येतो. त्या फटी भांडी घासायच्या लोखंडी घासणीने गच्च भरून वरून सिमेंट लावावे. नुसता बोळा, फोम किंवा लाकडाची पट्टी म्हणजे त्याला दात घासायला दिलेले दातवण. सांडपाण्याचे नळ जिथून भिंतीत शिरतात ती जागा हमखास उघडी असते. छपराला टेकलेली झाडाची फांदी हा पूल आहे, तो तोडावा. धान्य पोत्यात न ठेवता झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावे.

माळ्यावरचे सगळेच भाडेकरू उंदीर नसतात, आणि इथे आपली गल्लत होते. चिचुंद्रीला आपण उंदरांच्या जातीत घालतो. ती त्यांची कोणीच नाही. ती झुरळे आणि किडे खाते, वास घाण येतो हे खरे, पण ती वायरी तोडत नाही. तिला बाहेर हाकलावे, मारू नये. घूस मात्र उंदराचीच थोरली बहीण. तिला इंग्रजीत जो शब्द आहे तो तेलुगू 'पंदिकोक्कु' म्हणजे डुक्कर-उंदीर यावरून गेला. आमच्या शेजारच्या सिरोंचा तालुक्यात तेलुगू ऐकू येते, तिथे तो अजून जिवंत आहे. हिंदीत घूस म्हणजे लाच. दोन्ही पाया पोखरतात, असा विनोद करण्याचा मोह मी वर्गात दरवर्षी आवरत नाही. माळ्यावर कधी उदमांजर येते. रात्री छपरावर माणूस चालल्यासारखा आवाज येतो आणि घरात भुताची बोलणी सुरू होतात. छोटी वटवाघळे येतात, ती रात्रभर किडे टिपतात. यांच्यासाठी नियम एकच. वाट बंद करण्याआधी सगळे बाहेर गेले आहेत याची खात्री करावी, आणि पिलांचा मोसम टाळावा. नाहीतर आत कोंडलेली पिले मरतात, आणि तो वास महिनाभर घरातून जात नाही.

आता खरी काळजीची गोष्ट. आपल्या भाषेत 'आयत्या बिळात नागोबा' ही म्हण आहे. आपण ती कार्यालयातल्या राजकारणाला लावतो. भामरागडात ती शब्दशः खरी आहे. नाग आणि धामण उंदरामागे घरात येतात आणि त्याच्या बिळात मुक्काम करतात. पर्लकोटेला पूर आला की नदीकाठची बिळे पाण्याने भरतात. उंदीर उंचावर, म्हणजे घरांकडे धावतात, आणि त्यांच्या मागून बाकीचे. मण्यार तर रात्रीच हिंडते. उंदरांच्या बिळांतून आणि कुडाच्या फटींतून ती घरात शिरते आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला झोपेत चावते. दंश इतका हलका असतो, की पुष्कळदा माणूस जागाही होत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, बोलता येईनासे होते. आणि घरचे म्हणतात, काहीतरी बाधले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीनुसार २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली. सरासरी वर्षाला अठ्ठावन्न हजार. त्यांतली बहुतेक खेड्यांतली.

पहाटे अशी लक्षणे दिसली की मांत्रिकाकडे वेळ न घालवता, प्रतिविष असलेल्या दवाखान्यात तडक न्यावे. श्वास बंद पडू लागला तरी कृत्रिम श्वास देऊन माणूस वाचतो. चिरा देणे, रक्त चोखणे, करकचून बांधणे यांतले काहीही करू नये. आणि या वेळी दारातली गाडी सुरू व्हायला हवी! माळा आणि मोटार हे दोन विषय मी एका लेखात का घेतले, असे कोणाला वाटले असेल तर त्याचे कारण हे. आमच्याकडे दोन्ही टोके एकाच उंदराच्या दातांत असतात.

यावर एक स्वस्त उपाय आहे, तो म्हणजे खाट आणि चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली मच्छरदाणी. नेपाळच्या तराईतल्या पाहणीत, मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी होतो असे दिसून आले. हिवतापाच्या या मुलखात ती डासांसाठी वाटलीच जाते. साप हा तिचा वरचा फायदा. धामणीविषयी मात्र दोन शब्द चांगले बोलले पाहिजेत. ती बिनविषारी आहे, उंदीर खाते, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला मारणे गुन्हा आहे. लांबी आणि रंग पाहून लोक तिला नाग समजून ठेचतात, आणि दोन महिन्यांनी उंदीर वाढले म्हणून विषाच्या गोळ्या आणतात.

रोगांचा पाढा मी लांबवत नाही. १८९६ चा मुंबईचा प्लेग, आणि पुढच्या वर्षी पुण्यात त्यापायी झालेले रामायण सर्वांना ठाऊक आहे. उंदीर आणि माणूस यांच्यामधला दुवा पिसू आहे, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत दाखवले. पण एक अलीकडचे उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे. किल्लारीचा भूकंप १९९३ सालचा. धक्क्यांच्या भीतीने बीड जिल्ह्यातल्या मामला गावचे लोकही घरे सोडून बाहेर राहू लागले. धान्य घरातच राहिले. ऑगस्ट १९९४ मध्ये त्या गावात गाठीचा प्लेग निघाला. माणसाने सोडलेले, धान्याने भरलेले घर उंदरांच्या हाती गेले, असाच त्याचा अर्थ लावला गेला. २०१८ साली नागपूर भागात स्क्रब टायफसने माणसे दगावली. त्याचे सूक्ष्म किडे उंदरांच्या अंगावर आणि गवतात वाढतात. गेल्या काही वर्षांत मुंबईत पावसाच्या पाण्यातून चालल्यावर लेप्टोची भीती घातली जाते, तीही उंदराच्या मुताचीच.

मग विष का घालू नये, असे गृहिणी विचारतील. उंदराला ओकारी येत नाही. म्हणून तो नवी वस्तू आधी चाटून, कणभर खाऊन पाहतो, आणि पोटात कळ आली तर पुन्हा तिला शिवत नाही. विष खाल्लेला उंदीर भिंतीत किंवा गाडीच्या पोटात जाऊन मरतो. तो घुबडाने किंवा मांजराने खाल्ला, तर तेही जाते. सगळ्यांत वाईट म्हणजे पिवळ्या फॉस्फरसचे मलम. ते पावाला लावून ठेवतात आणि मुलाच्या हाती लागते. त्यावर उतारा नाही, चार दिवसांनी यकृत बंद पडते. ज्या घरात लहान मूल आहे तिथे ते आणूच नये, इतके स्पष्ट मी लिहितो.

आणि वाघाची मावशी? न्यूयॉर्कला एका कचऱ्याच्या कारखान्यात संशोधकांनी भटक्या मांजरांवर कॅमेरे लावले. ७९ दिवसांत मांजरांनी मोठे उंदीर मारले फक्त दोन! लहान उंदराच्या बाबतीत तिचा दरारा आहे. घुशीला पाहून मात्र आमची मनी दूध पिण्याचे काम आठवून निघून जाते. त्यापेक्षा गव्हाणी घुबड खरे. नावातच गव्हाण आहे. गोठ्यात, पडक्या वाड्यात राहते आणि रात्रभर उंदीर गिळते. मलेशियात तेलमाडांच्या बागांत त्यांच्यासाठी खास पेट्या टांगतात. आपण मात्र ते अपशकुनी म्हणून दगड मारतो, आणि लक्ष्मीपूजनाला त्याच लक्ष्मीचे वाहन म्हणून कॅलेंडरावर त्याचे चित्र टांगतो.

दिवाळीच्या आधी माळा काढायची आपली पद्धत आहे, आणि ती वेळेवरची आहे, कारण याच दिवसांत शेतातले धान कापले जाते आणि बेघर झालेले उंदीर घरांकडे वळतात. तेव्हा यंदा माळ्यावर चढाल तेव्हा बॅटरी आणि लांब काठी बरोबर घ्या. पोत्याखाली हात घालू नका; आधी काठीने उचला. उंदराच्या लेंड्या दिसल्या तर कोरडा झाडू मारू नका, धूळ नाकात जाते. नाकाला फडके बांधून त्यावर ब्लीचिंगचे पाणी शिंपडा, थोडा वेळ थांबा, आणि मग पुसून घ्या. लागत नाही ते सामान रद्दीवाल्याला द्या. त्यात मास्तरांची जुनी मासिके असली तरी. फराळाच्या डब्यांची झाकणे घट्ट आहेत ना, ते एकदा पाहा. आणि शिडी धरायला खाली कोणाला तरी उभे करा, कारण वरून चुई निसटली की आपण काय करतो, हे सांगता येत नाही.